शाली नकोत, पोरांना एक बोर्ड द्या

६ जानेवारीला पत्रकार दिन झाला. मला तीन शाली मिळाल्या, तीन नारळ, दोन डायऱ्या आणि एक मोमेंटो. नारळांची चटणी होईल, पण शाली ठेवायला कपाटात जागा नाही. तिन्ही ठिकाणी भाषण एकच होतं : लोकशाहीचा चौथा स्तंभ, दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर, निर्भीड लेखणी. मीही तेच बोललो. टाळ्या वाजल्या.

यातला एक सत्कार एका कॉलेजात होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर सगळी चर्चा त्या एका संस्थेवर जाईल, आणि हा रोग एका संस्थेचा नाही. मंचावरून उतरून व्हरांड्यातून बाहेर येताना भिंतीवर लाकडी चौकटीचा बोर्ड दिसला. काचेचं दार, दाराला कुलूप. वर रंगानं लिहिलेलं : 'भित्तिपत्रक'. आत काय, तर संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचं पोस्टर. तेही मागच्या वर्षीचं.

हा बोर्ड मला माहीत होता. सप्टेंबरात त्याच बोर्डावर एक बातमी लागली होती. तीन तास टिकली.

सांगतो काय झालं ते. बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक पोरगी. आईबाप दरसाल कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ही आजीजवळ राहून शिकते. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एक साधं काम केलं. कॉलेजचं ग्रंथालय रोज किती वाजता उघडतं, ते वहीत लिहायला सुरुवात केली. तारीख, वार, वेळ. चोवीस दिवस लिहिलं. त्यातले पंधरा दिवस कुलूप होतं. मग त्या शिपाईमामांना भेटल्या. ते म्हणले, ग्रंथपाल रिटायर झाल्यापासून जागा भरलेली नाही, किल्ली माझ्याकडं दिलीय, पण मला ऑफिसचंच काम उरकत नाही. हेही त्यांनी लिहिलं. प्राचार्यांकडं दोनदा गेल्या, दोन्ही वेळा 'नंतर या' असं उत्तर मिळालं, तेही लिहिलं. खाली तिघींची नावं, वर्ग, रोल नंबर.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय. आम्हाला शिकवलं होतं : कोण, काय, कुठं, कधी, का, कसं. या पोरींनी सहाच्या सहा प्रश्नांची उत्तरं दिली होती. ज्याच्यावर ठपका येतो त्याचं म्हणणंही घेतलं होतं, जे आम्ही पंचवीस-पंचवीस वर्षं या धंद्यात काढलेली माणसं अनेकदा विसरतो. शिपाईमामाला व्हिलन केलं नाही. रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

अकराला बातमी लागली, दोनला निघाली. तिघींना ऑफिसात बोलावलं. घरी फोन गेले. या पोरीचा बाप काम सोडून जीपला लटकून आला आणि साहेबापुढं हात जोडून उभा राहिला. "लेकराची चूक झाली साहेब." तिघींकडून माफीनामा लिहून घेतला. 'संस्थेची बदनामी केल्याबद्दल.' बातमीतला एक शब्द खोटा होता असं कुणीच म्हणालं नाही. तो मुद्दाच नव्हता.

संध्याकाळी पोरगी माझ्याकडं आली. मोबाईलमध्ये त्या कागदाचा फोटो होता. म्हणली, "दादा, तुमच्या पेपरात लावता का?"

मी म्हणलो, "बघतो."

आता खरं सांगायची वेळ आलीय म्हणून सांगतो. 'बघतो' म्हणतानाच मला माहीत होतं की मी लावणार नाही. त्या संस्थेची जूनमध्ये प्रवेशाची जाहिरात येते. अध्यक्षांच्या वाढदिवसाची येते. १५ ऑगस्टची, दिवाळीची येते. गावपातळीवरच्या आमच्यासारख्या बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो. मानधन नावाला असतं, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी दीड महिन्यावर होती. मी बातमी लावली नाही.

दोन दिवसांनी तिचा बाप बाजारात भेटला. म्हणला, "भाऊ, तिला समजावून सांगा. शिकतीय तवर शिकू द्यावं म्हणतो मी. उगं उचापती करायला लागली तर मग लगीन लावून मोकळं व्हावं लागंल." मी मान हलवली.

आणि ६ जानेवारीला त्याच कॉलेजच्या मंचावर 'निर्भीड पत्रकार' म्हणून माझ्या खांद्यावर शाल पडली. समोर खुर्च्या लावणाऱ्या पोरींत ती होती. तिनं नमस्कार केला, काही बोलली नाही. त्या नमस्कारापासून मला नीट झोप नाही. म्हणून ही पोस्ट.

तर मित्रांनो, आज बाळशास्त्रींचं नाव घेऊन टाळ्या घेणाऱ्या सगळ्यांना, त्यात मी पहिला, काही प्रश्न.

६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' निघालं, तेव्हा बाळशास्त्रींचं वय किती होतं? विशीच्या आसपास. आजच्या हिशेबानं बी.ए.च्या शेवटच्या वर्षातलं पोरगं. एका अंगाला मराठी, एका अंगाला इंग्रजी मजकूर छापायचे, कारण राज्यकर्त्यांनाही कळलं पाहिजे की इथल्या माणसाचं म्हणणं काय आहे. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तिथंच शिकवायला लागले, आणि १८५१ साली 'रास्त गोफ्तार' काढलं तेव्हा पंचविशीतले होते. लोकहितवादींनी १८४८ साली 'प्रभाकर'मध्ये शतपत्रं लिहायला घेतली, तेही पंचविशीत. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले दोस्त. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' सुरू झाला तेव्हा दोघंही चोवीस वर्षांचे. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रकरणात दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बसून आले.

मराठी पत्रकारिता ही पिकल्या केसांच्या लोकांनी सुरू केलेली नाही. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांनी सुरू केली. आणि आपण काय करतो? त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि त्याच वयाच्या पोरीकडून माफीनामा लिहून घेतो.

कुणी म्हणेल, ते मुंबई-पुण्याचं झालं. ठीक. आपल्या मराठवाड्याचं बघू.

निजामाच्या राज्यात १९३८ साली उस्मानिया विद्यापीठातल्या पोरांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला. काढून टाकलं. त्यांत मराठवाड्याची पोरं होती. त्यांतली कितीतरी नागपूर विद्यापीठात जाऊन शिकली आणि परत येऊन मुक्तिसंग्रामात उतरली. त्याच सुमारास आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं. निजाम सरकारनं बंदी घातली की हे नाव बदलून पुन्हा काढायचे. पुढं अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली त्याच 'मराठवाडा'नं आपल्या भागाला वाचायला आणि भांडायला शिकवलं. आणि इथून केजवरून पुढं गेलं की अंबाजोगाई. तिथल्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मास्तर होते. मास्तर असून त्यांनी पोरांना गप बसा असं शिकवलं नाही.

स्वातंत्र्यानंतरचं घ्या. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यांतून, वस्त्यांवरून आलेली पहिल्या पिढीची पोरं तिथं शिकली. त्या कॉलेजच्या वातावरणातून, तिथं शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या हातून, साठच्या दशकाच्या शेवटी 'अस्मितादर्श' उभं राहिलं. अख्ख्या दलित साहित्याला त्यानं हक्काचं पान दिलं. एका कॉलेजच्या आवारातून हे होऊ शकतं. पोरं तीच आहेत. आवार बदललंय.

खेड्यातून काय पेपर निघतो, असं म्हणणाऱ्यांसाठी एक नाव : मुकुंदराव पाटील. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यात तरवडी नावाचं गाव आहे. १९१० साली सुरू झालेलं 'दीनमित्र' साप्ताहिक या माणसानं पन्नास वर्षांहून जास्त काळ चालवलं, आणि ते तरवडीसारख्या खेड्यातून. नेकनूर तरवडीपेक्षा मोठं आहे. आपल्याकडं बाजार आहे, पोलीस ठाणं आहे, दवाखाना आहे, चार-पाच झेरॉक्सची दुकानं आहेत. नाही काय, तर इच्छा.

आता कॉलेजांच्या वार्षिकांकाबद्दल बोलू. कारण प्राचार्य मंडळी लगेच म्हणतील, "आमच्याकडं अंक निघतो की." निघतो ना. मी दरवर्षी चाळतो. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो. दुसऱ्यावर सचिवांचा. मग सहसचिव, संचालक, आमदारांचा शुभेच्छा संदेश, प्राचार्यांचं मनोगत. मग कार्यक्रमांचे फोटो, ज्यात पोरांची फक्त डोकी मागून दिसतात. शेवटी उरलेल्या पानांत पोरांच्या 'आई', 'पाऊस', 'मैत्री' यांवरच्या चारोळ्या. अंक निघतो कधी? नॅकची समिती यायच्या आधी. छापतात किती? समितीला आणि पाहुण्यांना पुरतील एवढे. पोरांच्या हातात पडतोच असं नाही. पण फी पावती काढून बघा, बऱ्याच ठिकाणी 'नियतकालिक' किंवा 'मॅगझीन' असा कॉलम असतो. पैसे पोराचे, फोटो साहेबांचा.

चारोळी लिहू नये असं मी म्हणत नाही. पण वीस वर्षांच्या पोराला ज्या ठिकाणी आपल्याच कॉलेजातल्या नळाला पाणी नाही एवढं लिहिता येत नाही, त्याला पेपर म्हणू नका. शुभेच्छापत्र म्हणा.

विद्यार्थ्यांना बोलायला दुसरी जागा उरलीय का, तेही बघा. १९९४ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात कॉलेजातल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं त्या परत आणायचं ठरवलं, २०१९ ला तारखा लागायच्या गोष्टी झाल्या आणि पुढं ढकलल्या त्या ढकलल्याच. म्हणजे निवडणूक नाही, पेपर नाही, बोर्डाला कुलूप. मग पोरगं बोलणार कुठं? इन्स्टावर. स्टेटसवर. तिथं नाव लपवता येतं, खात्री करावी लागत नाही, समोरच्याचं म्हणणं घ्यावं लागत नाही. जातीवरून चार ओळी टाकल्या की लाइक पडतात.

आपल्या जिल्ह्यानं हे गेल्या दोन-अडीच वर्षांत सोसलंय. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. मस्साजोग आपल्यापासून किती लांब, ते तुम्हाला सांगायला नको. राज्यभरातून कॅमेरे आले, त्यांनी विचारायचे ते प्रश्न विचारले, गेले. पण त्या काळात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर काय काय फिरत होतं ते आठवा. जुने व्हिडिओ नवे म्हणून. कुठला तरी फोटो इथला म्हणून. आडनाव बघून पुढं पाठवायचं की नाही ते ठरत होतं. ते पाठवणारे कोण होते? आपलीच शिकलेली पोरं. त्यांना कुणी कधी शिकवलंच नाही की पाठवायच्या आधी एक फोन करून विचारायचं असतं, 'हे खरं आहे का?' ज्या पोरीनं चोवीस दिवस वहीत नोंद केली, तिला ते येत होतं. तिला आपण गप केलं.

दुसरं उदाहरण याहून जिव्हारी लागणारं आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण. कार्यकर्ते आधीपासून ओरडत होते, पण देशभर गाजलं ते २०१९ साली, एका इंग्रजी पेपरात राधेश्याम जाधव यांच्या बातम्या आल्यानंतर. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. जवळपास सहातली एक.

आता विचार करा. त्या तेरा हजार आयांची लेकरं कुठं होती? आपल्या कॉलेजांत होती. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. ज्या गोष्टीनं देश हादरला ती त्यांना घरात रोज दिसत होती. पण ती 'बातमी' आहे, ती लिहायची असते, चार घरं फिरून मोजायची असते, डॉक्टरला विचारायचं असतं, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. आपण त्यांना सांगत होतो, 'माझी आई' या विषयावर निबंध लिहा.

एखाद्या कॉलेजच्या बोर्डावर २०१० साली कुणी लिहिलं असतं, "आमच्या वस्तीवरच्या इतक्या बायकांचं हे ऑपरेशन झालंय, वय इतकं, कारण काय?" तर? सगळं थांबलं असतं असा दावा मी करत नाही. पण कुठंतरी कुणालातरी उत्तर द्यावं लागलं असतं.

जगात पोरं हे करतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात पिट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे. २०१७ साली तिथल्या शाळेच्या पेपरातल्या पोरांनी नव्यानं नेमलेल्या मुख्याध्यापिकेच्या पदव्या तपासल्या. जिथून पदवी घेतली म्हणत होत्या, त्या विद्यापीठाचाच नीट पत्ता लागेना. बातमी आली, बाईंनी राजीनामा दिला. ही पोरं शाळेतली, कॉलेजातली पण नाहीत. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जुन्या संशोधनातल्या गडबडींचा पाठपुरावा केला होता विद्यार्थ्यांच्या पेपरातल्या थिओ बेकर नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोरानं. विद्यापीठ बुडालं नाही. नाव खराब झालं नाही. उलट लोक म्हणले, बघा, इथली पोरं कशी तयार होतात.

लांबचं सोडा. उत्तर प्रदेशात बुंदेलखंडच्या खेड्यांतल्या बायका २००२ पासून 'खबर लहरिया' चालवतात. आणि पी. साईनाथांच्या 'पारी'वर देशातल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांवर लिहिलेलं छापून येतं, मराठीतही वाचायला मिळतं. म्हणजे दार उघडं आहे. आपलीच पोरं आपण आत कोंडलीत.

आता नेहमीचे आक्षेप.

"पोरं राजकारण करतील." संस्था कोण चालवतं, ते आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोराला माहीत आहे. राजकारण आधीच आत आहे, खुर्चीवर बसलंय. पोरं फक्त ग्रंथालयाची वेळ विचारतायत.

"संस्थेची बदनामी होते." ग्रंथालय बंद ठेवल्यानं बदनामी होते. ते बंद आहे असं सांगितल्यानं नाही.

"पत्रकारितेत नोकऱ्या कुठं आहेत?" नाहीत, कबूल. माझ्याकडं बघून कुणी या धंद्यात येऊ नये. पण कॉलेजचा पेपर पत्रकार तयार करायला नसतो. उद्या हीच पोरगी ग्रामसेविका होईल, नर्स होईल, सरपंच होईल. कागद वाचायला, आकडा मोजायला आणि साहेबाला नम्रपणे पण सरळ प्रश्न विचारायला शिकलेली असेल.

"आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, बोर्ड कशाला?" बूम हातात घेऊन गावोगाव फिरणारे कमी आहेत का? त्यांतले काही जण बातमी लावायचे नाही तर न लावायचे पैसे घेतात, हे तुम्हालाही माहीत आहे. यंत्र आलं, वळण आलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माझ्या कॉलेजची एक आठवण सांगतो. मेसच्या ज्वारीत किडे निघायचे. आम्ही तिघांनी भित्तिपत्रकात लिहिलं. मराठीच्या सरांनी वाचलं आणि विचारलं, "खरं आहे का?" आम्ही कागदाच्या पुडीत किडे नेलेच होते. सरांनी पुडी बघितली, खिशातून पेन काढलं आणि कागदाखाली स्वतःची सही केली. म्हणले, "आता काढायचं झालं तर आधी मला विचारतील." आठ दिवस तो कागद हलला नाही. ज्वारी बदलली. मी या धंद्यात आलो तो त्या सहीमुळं. त्या पोरीला सही करणारं कुणी भेटलं नाही. मी भेटलो, आणि मी 'बघतो' म्हणलो.

म्हणून आता मागण्या. भाषणातल्या नाहीत, उद्यापासून करता येतील अशा.

एक. प्रत्येक कॉलेजात एक बोर्ड पोरांचा. किल्ली पोरांकडं. एक प्राध्यापक सल्ल्याला, कात्रीला नाही. नियम पोरांनीच लिहून वर लावावेत : नावाशिवाय मजकूर नाही, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय मजकूर नाही, जातीवरून कुणाला हिणवणारं एक अक्षर नाही, आणि चूक झाली तर त्याच जागी तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती.

दोन. नियतकालिक फीचा हिशोब नोटीस बोर्डावर. अनुदानित कॉलेजला माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. पोरांनो, पहिली बातमी हीच करा.

तीन. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला, प्रत्यक्ष कामाला श्रेयांक आहेत. चोवीस दिवस ग्रंथालयाची नोंद ठेवणं हे फील्ड प्रोजेक्ट नाही तर काय आहे? त्याला मार्क द्या. माफीनामा नको.

चार. आम्हा पत्रकारांसाठी. पुढच्या ६ जानेवारीला शाल नको. त्या पैशात पोरांना कागद, मार्कर आणि झेरॉक्स द्या. आणि पोरांनी खरी बातमी आणली तर ती लावायची, जाहिरात गेली तरी.

माझ्यापुरतं ठरवलंय. दर शनिवारी संध्याकाळी दोन तास माझं ऑफिस, म्हणजे ती दहा बाय दहाची खोली, कॉलेजच्या पोरापोरींसाठी उघडी. फी नाही, सर्टिफिकेट नाही, फोटोसेशन नाही. एसटीची वेळ, दवाखान्यातल्या औषधांचा फळा, ग्रामसभेचं इतिवृत्त, बाजारातल्या जनावरांचे भाव, काय मोजायचं आणि कसं लिहायचं ते बसून करू. पोरींच्या आईबापांनी सोबत यावं, बसावं, चहा मी पाजतो. त्या पोरीच्या वडलांकडं मी स्वतः जाऊन आलो काल. आधी त्यांची माफी मागितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणले, "लिहिलेलं खरं होतं का भाऊ?"

म्हणलो, "सगळं खरं होतं."

"मग मी हात कशाला जोडले?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तिच्या बातमीबद्दल तिला आणि वडलांना दोघांनाही विचारलं. दोघं हो म्हणले, फक्त नावं नको म्हणले. ग्रंथालय अजूनही आठवड्यातून दोन-तीन दिवसच उघडतं, हे मी परवा स्वतः जाऊन बघितलं. प्राचार्यांना फोन केलाय, त्यांचं म्हणणं आलं की तेही लिहीन. नाही आलं तर 'प्रतिसाद दिला नाही' असं लिहीन. बातमी या आठवड्यात लागेल. चार महिने उशिरा.

जूनमध्ये जाहिरात येते का नाही, ते बघू.